‘ताण गायब’ वाली बाटली, द्राक्षबागेत एक वर्ष वापरून झाल्यावर

आधी मार्क सांगून टाकते म्हणजे घाईतल्या लोकांची सुटका. आतल्या मालाला ५ पैकी ३, लेबलला ०, दुकानाला २. सरासरी तुमची तुम्ही काढा.

बाटली म्हणजे बागेवर फवारायचं, ताण काढतो म्हणून विकलं जाणारं टॉनिक. तिचं नाव मुद्दाम देत नाहीये. हाच माल चार नावांनी चार रंगांच्या बाटल्यांत मिळतो हे मला नंतर कळलं, आणि नाव दिलं की कंपनीचा पोरगा बांधावर येऊन बसतो आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाही. दुकान पिंपळगावच्या बाजूचं, एवढंच पुरे.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात, दोन एकर थॉमसन जातीची, डॉगरिज खुंटावर (म्हणजे डॉगरिजच्या मुळांवर कलम केलेली), ९ बाय ५ फुटांवर. माझं माहेर सटाण्याकडचं, म्हणजे डाळिंबवाले. मी एमएस्सी बॉटनी केलं, मग लग्न, आणि आता ब्लोअरचे, म्हणजे फवारणी यंत्राचे, नोझल साफ करते. आप्पा म्हणजे माझे सासरे म्हणतात शिक्षण वाया नाही गेलं, औषधांची बिलं वाचता येतात. तर मी मार्चअखेरीला खरड छाटणीच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीच्या, आधी बोर्डो या बुरशीनाशकासाठी मोरचूद आणायला गेले होते आणि दुकानदार म्हणाला, ताई यंदा ऊन लय आहे, बागेचा स्ट्रेस काढायला हे घेऊन जा, तुमच्या शेजारच्या भाऊंनी पेटी नेली. शेजारच्या भाऊंनी एकच बाटली नेली होती हे मी नंतर विचारलं. असो. लिटरला १४५० रुपये, मी दोन घेतल्या, २९०० झाले. बिल मागितलं तर म्हणे देतो की, दोनदा आठवण केल्यावर मिळालं, त्यावर बॅच नंबर नव्हता, तो परत लिहून घेतला. मोरचूद विसरले ते वेगळंच, दुसऱ्या दिवशी परत चक्कर.

घरी आल्यावर लेबल नीट वाचलं आणि डोक्याला ताप झाला. आत काय तर समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आणि फुल्विक अ‍ॅसिड. इथपर्यंत ठीक. पण वर मोठ्या अक्षरात, ‘ताणाचे हार्मोन ब्लॉक करते’. त्याखाली ‘संरक्षणाचे सर्व मार्ग एकाच वेळी सुरू’. आणि पाठीमागे एक डीएनएची शिडी काढलेली, तिच्यावर द्राक्षाचा घड लोंबतोय.

आता हे ‘ताणाचे हार्मोन ब्लॉक’ प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मुळात ताण हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको. माझ्या माहेरी डाळिंबाला बहार धरायचा म्हणजे आधी ताण द्यायचा, पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, मग इथरेल मारून पानगळ करायची आणि मग पाणी सोडलं की फूल. म्हणजे तिकडे ताण हे चक्क खतासारखं मोजून द्यायचं असतं, जास्त झालं तर झाड जातं आणि कमी झालं तर नुसती पालवी. इकडे नाशकात ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे अंकुरांना, हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो ना, तेही तेच. ते डोळ्यातला कॅटलेज नावाचा एन्झाइम दाबतं, हा एन्झाइम एरवी हायड्रोजन पेरॉक्साइड साफ करत असतो, तो दबला की पेरॉक्साइड साचतो, पेशींना वाटतं काहीतरी मोठं संकट आलं आणि झोपलेला डोळा उठतो. सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण स्वतःच्या हाताने वेलीला घाबरवतो. आणि मग मार्चमध्ये ताण काढायची बाटली विकत घेतो.

तर हार्मोन. जमिनीत पाणी कमी पडलं की झाडात अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड वाढतं, एबीए म्हणतात त्याला. हे एबीए झाडाला कळतं कसं हा प्रश्न लय वर्षं अडला होता, त्याचा रिसेप्टर २००९ साली पक्का सापडला, दोन वेगवेगळ्या गटांना साधारण एकाच वेळी. पीवायआर, पीवायएल असली नावं आहेत त्या रिसेप्टरांची. आता गंमत बघा. पेशीत स्नार्क-टू नावाचा एक एन्झाइम आहे, खरा काम करणारा गडी तो. पण एरवी त्याच्या मानेवर पीपी-टू-सी नावाचा दुसरा एन्झाइम बसलेला असतो आणि याला हलू देत नाही. एबीए आलं की ते रिसेप्टरच्या खोबणीत जाऊन बसतं, रिसेप्टरचा आकार थोडा बदलतो आणि तो जाऊन पीपी-टू-सीला धरून ठेवतो, की झाला गडी मोकळा. मोकळा झाला की तो दोन कामं करतो. एक म्हणजे पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींत तो तिथल्या स्लॅक-वन नावाच्या दाराला फॉस्फेट चिकटवतो, दार उघडतं, आतले आयन बाहेर, आयनांच्या मागे पाणी बाहेर, पेशी सैल पडतात आणि मधलं छिद्र मिटतं. हे काही मिनिटांचं काम. दुसरं काम तासांचं, केंद्रकात जाऊन जीन्स चालू करणाऱ्या प्रथिनांना जागं करणं, मग पेशी कोरडी पडली तरी आतली प्रथिनं गोळा होऊ नयेत म्हणून एलईए नावाची प्रथिनं तयार होतात, प्रोलिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड साठवलं जातं, वगैरे.

आता मला सांगा हे ‘ब्लॉक’ केलं तर काय होईल? त्याचं उत्तर टोमॅटोत तयार आहे. टोमॅटोचा फ्लाका नावाचा एक म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेलं झाड, आहे, त्याला पुरेसं एबीए बनवता येत नाही. ते झाड दुपारी जरा ऊन लागलं की मान टाकतं, जमिनीत पाणी असलं तरी, कारण रंध्रं वेळेवर मिटतच नाहीत. म्हणजे लेबल खरं असतं तर माझी बाग एप्रिलमध्येच आडवी झाली असती. लेबल खोटं निघालं म्हणून बाग वाचली, असं रिव्ह्यूमध्ये लिहायची वेळ यावी.

आप्पांना हे सगळं संध्याकाळी ओट्यावर सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे वेल आजारी पडत नाही, ती दुकान बंद करून बसते.” मला एमएस्सीच्या पेपरात एवढं नीट लिहिता आलं नव्हतं. कारण तेच आहे. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येणं थांबतं, साखर कमी, वाढ थांबते, आणि वर तेच स्नार्क-टू वाढीची टॉर नावाची मुख्य किल्लीच दाबून धरतं. आपण म्हणतो बाग बसली. ती बसवून ठेवलेली असते, आतून, पाणी येईपर्यंत.

मग आतल्या मालाला ३ मार्क का दिले, तर सीवीड ही गोष्ट पोकळ नाहीये म्हणून. अ‍ॅस्कोफायलम नावाच्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या अर्कावर अरेबिडॉप्सिसमध्ये, म्हणजे लॅबवाल्यांच्या त्या लाडक्या तणावर, कामं झालीत आणि अर्क दिलेली झाडं गोठवणाऱ्या थंडीत जास्त टिकली, थंडीच्या वेळी कामाला येणाऱ्या जीन्सही त्यांच्यात जास्त चालू दिसल्या. आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कॅपाफायकस नावाचं लाल शेवाळ पिकवतात, त्याचाही अर्क बाजारात भरपूर. पण माझ्या बाटलीत यातलं कोणतं आहे, अर्क कसा काढलाय, किती घट्ट आहे, यातलं एक अक्षर लेबलवर नाही. ‘उच्च दर्जाचे समुद्री शेवाळ’. दुकानदाराला विचारलं तर म्हणे इम्पोर्टेड आहे ताई. कुठून? बाहेरून.

२०२१ साली सरकारने ही बायोस्टिम्युलंट, म्हणजे झाडाला चालना देणारी, मंडळी खत नियंत्रण आदेशाखाली आणली, त्याआधी तर कोणीही काहीही बाटलीत भरून विकत होतं. त्यामुळे आता बाटलीवर घटक, प्रमाण, नोंदणी बघायची सवय लावून घ्या. नाशिकच्या माणसाला हे जास्त समजावायला नको, २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांची काय गत झाली ते ज्यांच्या घरात बाग होती त्यांना आठवतंय. त्यात क्लोरमेक्वाट आपण मारत होतो तेही ताणाच्याच नात्यातलं. खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते त्या वेळी शेंड्याची वाढ थांबवायला सीसीसी, म्हणजे हेच क्लोरमेक्वाट, मारायचे, ते झाडात जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन बनू देत नाही, जिबरेलिन कमी झालं की डेला नावाची प्रथिनं टिकून राहतात आणि डेला म्हणजे झाडाचा हँडब्रेक, ताणातही झाड हाच ब्रेक ओढतं. द्राक्षात तर याचा लय भारी पुरावा आहे. पिनो म्युनिए नावाची फ्रान्सची वाईनची जात, तिच्यातल्या एका पेशीथरात डेला जीनमध्ये बिघाड असतो, ब्रेक लागलेलाच राहतो, जिबरेलिनने सुटत नाही. त्या थरापासून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आख्खी वेल तयार केली तर ती बुटकी निघाली आणि बाळीच्या, म्हणजे वेल आधाराला धरते त्या तंतूच्या, जागी घड! २००२ साली छापून आलं ते. वर्गात हे ऐकलं तेव्हा मी नुसतं लिहून घेतलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा बाळी काढायला गेले तेव्हा हातात धरून बघितलं, ही बाळी घड झाली असती.

बरं, वापराचा अनुभव.

एक एकराच्या तुकड्यावर मारलं, मधल्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या. आप्पा चिडले, औषध असून चार ओळी उपाशी ठेवते म्हणून. पण कोऱ्या ओळी नसतील तर कुठल्याही बाटलीचा रिव्ह्यू म्हणजे नुसता गप्पा. २ मिली लिटरला, एकरी ३०० लिटर पाणी, म्हणजे ६०० मिली, म्हणजे एका फवाऱ्याचे ८७० रुपये, डिझेल आणि मजुरी वेगळी. वास मासळी बाजारासारखा, दोन दिवस ब्लोअरजवळ मांजरं. पहिल्या वेळी गाळणीत काळा गाळ अडकला आणि नोझल चोंदले, तेव्हापासून आधी बादलीत कालवून फडक्याने गाळून टाकीत.

पहिला फवारा एप्रिलअखेर, फूट ५-६ पानांवर असताना. पारा तेव्हा रोज ३९-४०. दुकानदाराने सांगितलं होतं पानं सुकल्यासारखी दिसली की मारा. हा सल्ला उलटा आहे आणि याचं कारण परत आतच आहे. उष्णतेत पेशीतली प्रथिनं आपला आकार सोडायला लागतात. त्यांना सावरायला हीट शॉक प्रथिनं असतात, ही एरवी एचएसएफ नावाच्या स्विचला धरून बसलेली असतात, मोडकी प्रथिनं वाढली की ती तिकडे धावतात, स्विच मोकळा होतो आणि अजून हीट शॉक प्रथिनं बनवायचा हुकूम सुटतो. काही मिनिटांत सगळं. हे पहिल्यांदा दिसलं ते झाडात नाहीच, फळमाशीत, १९६२ साली रितोसा नावाच्या इटालियन माणसाने छापलं, आणि गोष्ट अशी सांगतात की लॅबमध्ये कोणीतरी इनक्युबेटरचं तापमान चुकून वाढवून ठेवलं होतं. तर मुद्दा हा की पान सुकलेलं दिसतं तोपर्यंत हा सगळा खेळ आत होऊन गेलेला असतो, जे वाचायचं ते वाचलं, जे जळायचं ते जळलं. तेव्हा वरून शेवाळ ओतून काय उपयोग. मारायचंच असेल तर उन्हाची लाट यायच्या दोन-तीन दिवस आधी, हवामानाचा अंदाज बघून, आणि संध्याकाळी. झाडाला आधी थोडा ताण मिळालेला असला तर पुढच्या ताणाला ते लवकर उत्तर देतं, डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणा बदललेल्या राहतात म्हणून. या अर्कांकडून अपेक्षा करायचीच तर एवढीच, झाडाला आधीच जागं करणं.

आणि हो, द्राक्षाची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूलाच असतात. नोझल खालून वर. आमचा ब्लोअरवाला पोरगा वरून न्हाऊ घालत होता.

ऑनलाइन एक इन्फ्रारेड गन घेतली होती, तिने पानाचं तापमान मोजायचे. रंध्रं उघडी असली की पाणी उडतं आणि पान गार राहतं, मिटली की तापतं, म्हणजे गरिबाचं रंध्रमापक. मे महिन्यात भर दुपारी मारलेल्या आणि कोऱ्या ओळीत अर्धा अंशाचा फरक दिसायचा, कधी इकडे कधी तिकडे, आणि गनची स्वतःची चूकच त्याहून मोठी. तेव्हा त्यावरून काही म्हणत नाही. दुसऱ्या फवाऱ्यानंतर, जो मी लाटेच्या आधी मारला होता, पानांच्या कडा कोऱ्या ओळींत जास्त करपल्या होत्या हे मात्र आप्पांनीही मान्य केलं. चार ओळींवरून एवढंच म्हणता येतं. फुटीची जाडी, काडी तयार होणं, यात मला फरक दिसला नाही.

क्षारावर पण चालतं असं लिहिलंय. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, पण तिथे खरं काम डॉगरिज करतं. क्षार वाढले की मुळाच्या पेशीत कॅल्शियमची लाट येते, ती एसओएस-थ्री ओळखतं, एसओएस-टूला सांगतं, ते एसओएस-वन नावाचा पंप चालू करतं आणि सोडियम बाहेर फेकलं जातं. एसओएस म्हणजे खरं तर ‘सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह’, पण ऐकायला वाचवा वाचवा वालंच, नाव ठेवणाऱ्याला सुचलं बरं. खुंट चांगला असेल तर पानावर बाटली मारून इथे काही मोठं साधत नाही.

तिसरा फवारा डिसेंबरचा. निफाडच्या थंडीचा आकडा पेपरात यायला लागला की आमच्याकडे पण पहाटे शेकोट्या आणि ठिबक चालू. थंडीत पेशीचा पडदा कडक होतो, परत कॅल्शियम, मग आइस-वन नावाचं प्रथिन, ते सीबीएफ जीन्स चालू करतं आणि त्या पुढे अख्खी फौज उठवतात. आइस नाव बघून आप्पा हसले. मण्यांची फुगवण थंडीत थांबते ती सगळ्यांचीच थांबली, मारलेल्या ओळींची पण. पुढे पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणं, दोन्हीकडे आली, थोडी थोडी. थंड रात्र आणि तापलेला दिवस असला की ती येते, तिला या बाटलीने काही केलं नाही. म्हणजे थंडीसाठी माझ्याकडून शून्य, शेकोटी स्वस्त पडते.

‘सर्व मार्ग एकाच वेळी सुरू’ बद्दल दोन शब्द राहिले. झाडाचे बचावाचे मार्ग दोन मोठे, भुरीसारखा जिवंत पेशीवर जगणारा रोग आला की सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा, आणि अळीने कुरतडलं की जास्मोनिक अ‍ॅसिडचा. सॅलिसिलिक म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं सख्खं भावंड, १९७९ मध्ये तंबाखूच्या पानांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर मोझॅक व्हायरसला ती जास्त दाद देईनात असं दिसलं होतं. हे ऐकून आप्पांनी लगेच विचारलं, मग माझ्या रक्त पातळ करायच्या गोळ्या टाकू का टाकीत? नाही आप्पा. तर हे दोन मार्ग बहुतेक वेळा एकमेकांचे पाय ओढतात, एक वाढला की दुसरा दबतो, कारण झाडाकडे साखर मोजकीच आणि सगळीकडे एकदम खर्च परवडत नाही. दोन्ही खरोखर फुल चालू राहिले तर घडाला काय उरणार? त्यामुळे ती ओळ छापणाऱ्याने एकदा तरी झाडाच्या बाजूने विचार करायला हवा होता. आणि डावण्या रोगावरच्या बुरशीनाशकाचा फवारा चुकवून यावर विसंबू नका, आमच्या ओळखीत एकाने तसं केलं आणि फुलोऱ्यातला घड कुजला.

दुकानाला २ मार्क का, तर माणूस गोड आहे, उधारी देतो, बॅच नंबर मागितल्यावर रागावला नाही. पण सल्ला कंपनीचा पोरगा देतो तोच देतो, आणि आतल्या मालाचा तपासणी रिपोर्ट मागितला तर मे महिन्यापासून “पाठवतो ताई व्हॉट्सअ‍ॅपवर” चालू आहे. परवा परत गेले तर नवीन बाटली दाखवली, निळी, १६५० रुपये. लेबल वाचलं. तीच डीएनएची शिडी, घडाच्या जागी टोमॅटो.

तीन फवारे होऊन २०० मिली उरलंय. एप्रिलमध्ये लाटेच्या आधी त्याच चार ओळींवर मारून बघणार आहे, या वेळी त्या ओल्या आणि शेजारच्या कोऱ्या. आप्पांना अजून सांगितलेलं नाही.